पावणेपाच फुटांवरची खिडकी

आमच्या कार्यालयातल्या प्रत्येक नकाशात एक माणूस उभा असतो. त्याला नाव नाही, चेहरा नाही. उंची साडेपाच फूट, हात शरीराला लगटून. संगणकात तो तयारच असतो. उचलायचा आणि जिन्यावर, गच्चीत, दारात उभा करायचा, म्हणजे पाहणाऱ्याला जागेचा अंदाज येतो. त्याच्या डोळ्यांपासून एक तुटक रेघ काढली, की त्याला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, ते कळते. तिला आम्ही दृष्टिरेषा म्हणतो. गेल्या वर्षी मी त्या माणसाला तुरुंगात उभे केले.

गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हितेंद्र सरांचे हे कार्यालय आहे. आम्ही सहा जण. एरवी शाळा, दवाखाने, एखादे सभागृह अशी कामे येतात. शहरापासून दूर एक नवा तुरुंग बांधायचा होता, त्याचे काम सरांना मिळाले. सरांनी मला बोलावले आणि म्हणाले, "गौतम, तू वाचणारा आहेस. पंधरा दिवस घे. जगात तुरुंग कसे कसे बांधले गेले, त्याचं एक टिपण कर. आंधळेपणाने भिंती नकोत काढायला."

मी वाचू लागलो. फार जुन्या काळी तुरुंग म्हणून वेगळे काही बांधतच नसत. गडाचे तळघर, कोरडी विहीर, वेशीजवळची अंधारी खोली, जे हाताशी असेल त्यात माणूस ढकलला जाई, आणि खरी शिक्षा ठरेपर्यंतच तो तिथे असे. पुढे डांबून ठेवणे हीच शिक्षा झाली आणि तिच्यासाठी वास्तू रचण्याची गरज पडली. कुणी गोलाकार इमारत कल्पिली: कडेने कोठड्या, मधोमध एक मनोरा, आणि मनोऱ्यात बसलेला पहारेकरी असा, की तो सर्वांना पाहील पण तो आहे की नाही, हे कुणालाच कळणार नाही. इंग्लंडात एके ठिकाणी कैद्यांना प्रार्थनेला नेताना त्यांचे चेहरे झाकत, आणि प्रार्थनेच्या जागीही प्रत्येकासाठी उभ्या फळ्यांचा वेगळा खण केलेला होता, शेजारचा माणूस दिसू नये म्हणून. अंदमानात सात लांब इमारती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडल्या आणि एकीच्या कोठड्यांची तोंडे दुसरीच्या पाठीकडे केली. मला वाचता वाचता जाणवत गेले, की या लोकांनी दगडाचा विचार केला होता त्याहून अधिक नजरेचा केला होता. कुणाला कोण दिसावे, आणि कुणाला कोण मुळीच दिसू नये.

टिपणाच्या शेवटी मी सगळे संदर्भ लिहिले. एक मात्र लिहिला नाही.

माझा थोरला भाऊ दिनेश तेव्हा तीन वर्षांपासून तुरुंगात होता; खटला अजून चालूच होता. करी रोडच्या आमच्या चाळीत दुचाकी लावण्यावरून भांडण झाले, दिनेशने एकाला ढकलले, तो जिन्यावरून गडगडला आणि दुसऱ्या दिवशी वारला. दिनेशला त्याला मारायचे नव्हते. पण मेलेल्या माणसाच्या बायकोला आम्ही रोज त्याच जिन्यावरून उतरताना पाहत होतो, त्यामुळे हे वाक्य आमच्या घरात कुणीही मोठ्याने उच्चारले नाही.

कार्यालयात मी सांगितले होते, की भाऊ गावी असतो, आंब्याची कलमे सांभाळतो. शेजारच्या टेबलावरची किर्ती दर मे महिन्यात विचारायची, "काय रे, भावाने यंदाही पेटी नाही पाठवली? कलमं आहेत का बाभळी?" सगळे हसत. मीही हसत असे. लाज ही गोष्ट एकदा पांघरली, की ती दर दिवसागणिक जड होत जाते, हे मला त्या हसण्यातून कळले.

महिन्यातून दोनदा मी आईला घेऊन दिनेशच्या भेटीला जात असे. बाबा कधीच आले नाहीत. गिरणी बंद पडल्यावर त्यांचे बोलणे कमी झाले होते, दिनेश आत गेल्यावर ते जवळजवळ संपले. भेटीच्या खोलीत काच होती आणि दोन्ही बाजूंना फोन होते. आईला फोनवरचे नीट ऐकू येत नाही. ती थोडा वेळ फोन कानाला धरी आणि मग माझ्या हातात देई.

"माका ऐकाक नाय इला तरी चलात," ती म्हणे. "झील दिसलो म्हणजे झाला."

आणि मग ती आपल्या झीलाकडे, मुलाकडे, पाहत राही. उरलेली सगळी मिनिटे केवळ पाहत राही. परतताना बसमध्ये ती सांगे, त्याच्या डाव्या भुवईखाली काही चावले आहे, तो दाढी घाईने करतो, त्याला नीट झोप नाही. मी अर्धा तास बोलून आलेला असे आणि मला यातले काही दिसलेले नसे.

नव्या कामाबद्दल मी दिनेशला सांगितले. तोच एक होता, ज्याच्यापासून ते लपवण्यात अर्थ नव्हता.

"नवीन प्रोजेक्ट आलंय," मी फोनमध्ये म्हणालो.

"टॉवर?"

"नाही रे. जेल."

तो काचेपलीकडे इतका हसला, की मागच्या शिपायाने वळून पाहिले. "आयला, गौत्या! मग माझ्यासाठी वन बीएचके काढ की. सी-फेसिंग."

"गप रे."

"बरं, सी-फेसिंग राहू दे. वेस्टर्न कमोड तरी टाक." मग तो थांबला. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या आईकडे त्याने पाहिले. "खरं सांगू? आईला बसायला दे काहीतरी. ती उभी राहते नुसती. गुडघे धरून उभी राहते आणि मला वाटतं, लवकर जाऊ दे तिला. मग ती गेली की वाटतं, का गेली."

मी मान हलवली.

भेटीची खोली सरांनी माझ्याकडेच दिली होती. मी ती तीन आठवडे काढली. दोन्ही बाजूंना जमिनीत पक्की केलेली आसने ठेवली, काच बसलेल्या माणसाच्या छातीपासून सुरू केली, आणि दोन आसनांच्या मध्ये एवढेच अंतर ठेवले, की समोरच्याच्या भुवईखालचा डाग दिसावा. दृष्टिरेषा काढली ती एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जाणारी, सरळ, कुठेही न अडणारी. आजवर काढलेल्यांत ती माझी सर्वांत चांगली रेघ होती.

नकाशे पाहायला शामराव आले. तुरुंग खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ आता सल्लागार होते; मृदू आवाजाचे, चहात साखर न घेणारे. ते कठोर नव्हते, हे मला मुद्दाम लिहायला हवे.

"आसनं?" ते म्हणाले. "अहो, बसलेला माणूस उठतो का? लग्नाची पंगत उठवून बघा एकदा. उभं ठेवा. पाय दुखले की आपणच निघतात, आमच्या शिपायाला ओरडावं लागत नाही."

सर म्हणाले, "आणि काच?"

"वर घ्या. छातीपाशी हातांच्या खुणा चालतात, शिपायाच्या नजरेला येत नाहीत. दीड फूट जाडीची भिंत आणि काच पावणेपाच फुटांपासून. माणसाला तोंड दिसलं, बस झालं."

"पोरं येतात, म्हातारी माणसं येतात."

"पोरांना कडेवर घेतात. आणि म्हातारी माणसं एवढ्या लांब येतात कुठे हो?"

किर्तीने पडद्यावर भिंत वर उचलली. खिडकीसमोर तोच आमचा साडेपाच फुटांचा माणूस उभा होता. त्याच्या डोळ्यांतून निघालेली रेघ काचेतून आरपार गेली.

सर माझ्याकडे वळले. "गौतम, खोली तुझी आहे. काही अडचण?"

माझी आई चार फूट सात इंच आहे. मला फक्त एवढेच म्हणायचे होते. पण त्यापुढे कुणीतरी विचारले असते, तुझ्या आईचा इथे काय संबंध. आणि मग आंब्याची कलमे, गाव, तीन वर्षांचे माझे सगळे हसणे त्या टेबलावर येऊन पडले असते, शामरावांच्या बिनसाखरेच्या चहाशेजारी. कैद्याच्या भावाला तुरुंगाच्या नकाशांवर कोण ठेवील, असेही मनात आले. पण ती नंतर शोधलेली सबब आहे. त्या क्षणी केवळ लाज होती.

"नाही सर," मी म्हणालो. "दिसतं."

त्याच संध्याकाळी मी आसने पुसली.

त्यानंतर तीन महिन्यांनी दिनेशच्या खटल्याचा निकाल लागला. दहा वर्षे, भोगलेली तीन वजा. वकिलांनी न्यायालयाच्या आवारात आम्हांला बाजूला घेतले. आईला कळावे म्हणून ते सावकाश बोलत होते. "नवीन जेल होतंय ना, लांब शिक्षेवाले तिकडे हलवणार आहेत. दोनेक वर्षांत. जागा मोठी आहे, हवा चांगली. त्याच्यासाठी बरंच आहे म्हणा."

आईने मान डोलावली. तो तुरुंग आमच्याच नकाशातला होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेलो आणि उभ्याउभ्याच सगळे सांगितले. बोलताना मी त्यांच्या टेबलावरच्या पट्टीकडे पाहत होतो. सरांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला.

"बस आधी," ते म्हणाले. मी बसलो. "निविदा निघाली रे. पाया खोदायला घेतलाय. आता एक खिडकी हलवायची तर सगळ्यांच्या सह्या पुन्हा लागतील. मी पत्र लिहितो. पण होईल, असं नाही म्हणत."

"हो सर."

"त्या दिवशी बोलला असतास, तर तिथल्या तिथे झालं असतं. शामराव ऐकतात." त्यांनी चष्मा काढला. "मलाही ते पटलं नव्हतं. मी वाट बघत होतो, तू काहीतरी म्हणशील."

मला कामावरून काढले गेले नाही. कुणी काही म्हणालेही नाही. किर्तीने पुढच्या मे महिन्यात काहीच विचारले नाही, एवढाच फरक. पत्राचे उत्तर पाच आठवड्यांनी आले: मंजूर आराखड्यात बदल शक्य नाही.

त्या रविवारी दुपारी आई विळीवर बसून कोलंबी सोलत होती. बाबा बाहेर सामाईक गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि तिला सांगितले, की नव्या तुरुंगातली भेटीची खिडकी मी काढली आहे, ती उंच आहे, आणि तिथून तिला दिनेश दिसणार नाही.

तिचे हात थांबले नाहीत. "मगे तिया सांगूक नाय तेंका?"

"नाही."

"कित्याक?"

"लाज वाटली."

"दिनेशाची?"

मी होय म्हणालो. तिने हातातली कोलंबी सोलून संपवली, भांड्यात टाकली, पदराला हात पुसले आणि गुडघ्यावर जोर देत उठली. कपाटाशेजारच्या रिकाम्या भिंतीपाशी ती जाऊन उभी राहिली.

"दाखव, खयसर येता ती."

मी उठलो आणि पावणेपाच फुटांवर भिंतीला तळवा लावला. वेगळे मोजावे लागले नाही. ती उंची आता माझ्या हाताला पाठ आहे. आई त्याच्याखाली पाठ टेकून ताठ उभी राहिली. मग वळून तिने टाचा उंचावल्या. तिचे डोळे माझ्या मनगटापर्यंतही आले नाहीत. ती पुन्हा खाली टेकली, श्वास घेतला, आणि डोक्यावर हात ठेवून माझ्या तळव्यापर्यंतचे अंतर बोटांनी चाचपले.

"माका नाय दिसाचो," ती म्हणाली. "पण तेका माझे केस दिसतीत?"

मी मनातल्या मनात रेघ काढली. दिनेश उंच आहे. तो काचेला अगदी लागून उभा राहिला, तर भिंतीच्या जाडीपलीकडे त्याला तिचा भांग दिसेल. त्याखालचे काही नाही.

"केस दिसतील," मी म्हणालो.

"मगे अबोलीचो वळेसार माळून जायन." दोऱ्यात गुंफलेल्या अबोलीच्या फुलांना आमच्याकडे वळेसार म्हणतात, दिनेशला नेल्या दिवसापासून तिने फूल डोक्यात घातले नव्हते. "केशरी रंग. बायकांच्या गर्दीत वळखात तो. आवस इली म्हणान समाजतला तेका."

माझा तळवा अजून भिंतीवरच होता.

"हात काढ आता," ती म्हणाली. "भिंत मळतली."

ती परत विळीशी जाऊन बसली. मी रिकाम्या भिंतीला हात लावून तसाच उभा राहिलो.