ओढ्याकडची बाजू

इवेरेन आमचा दूध न्यायचा पोकळ भोपळा घेऊन आमच्या तळावर आली, तेव्हा मी वासरं दाव्याला बांधत होतो. ऊन चांगलंच वर आलं होतं. एरवी या वेळेला गायी रानात असायच्या. पण माझी मुलगी डिजा म्हणाली होती, "आई येऊ दे ना बाबा, मग सोडा. मी एकटी वासरांकडे बघू का चुलीकडे?" म्हणून मी थांबलो होतो.

इवेरेन ओढ्यापलीकडच्या तिव लोकांच्या गावातली शेतकरीण. इतक्या वर्षांत ती आमच्याकडे कधी आली नव्हती. माझी बायकोच तिच्याकडे जायची. भोपळा मी लांबूनच ओळखला. त्याच्या कडेची नक्षी बायकोनं तापल्या सुरीनं काढली होती. वरचं गवताचं झाकण नव्हतं.

"दूध कुठंय?" मी विचारलं. दुसरं काही तोंडात आलंच नाही.

"वाटेवर सांडलंय," इवेरेन म्हणाली आणि खाली मातीतच बसली. मग म्हणाली, "चल गिडाडो. एखादी चादर घे बरोबर."

चादर घे म्हणाली, तेव्हा मला कळलं.

बायकोला आम्ही त्याच दिवशी दुपारी पुरलं. मी रडलो नाही. आम्हा फुलानी लोकांत पुरुष रडत नाही. ज्याला लाज आहे तो भूक लागली म्हणत नाही, कुणाकडे काही मागत नाही आणि चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. माझ्या बापानं माझ्या आईचं नाव कधी घेतलं नाही. मी माझ्या बायकोला ‘घरातली’ म्हणायचो, नाहीतर नुसता खाकरायचो. तिला कळायचं.

आमच्यात गायी पुरुषाच्या आणि दूध बाईचं. ती रोज सकाळी भोपळा डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायची. दही द्यायची, ज्वारी आणि कंद आणायची. आणि बातमी आणायची. कुणाचं पीक निघालं, कुणाची झोडणी व्हायची आहे, कुणाचं शेत मोकळं झालं. मोकळ्या शेतात आम्ही गायी बसवायचो. शेतकऱ्याला खत मिळायचं, गायींना पिकाची उरलेली ताटं मिळायची. कुठल्या शेतात कधी जायचं हे मी ठरवतो असं मला वाटायचं. खरं तर ते ती सांगायची.

तिव आणि फुलानी हे पूर्वजांपासून एकमेकांचे थट्टेचे सोयरे. एकमेकांना काहीही बोलावं, राग धरायचा नाही. इवेरेन माझ्या बायकोला लांबूनच ओरडायची, "आलीस का गं शेणवाले? आज दूध किती नि ओढा किती?" ही म्हणायची, "मातीत नाक खुपसणाऱ्यांना दुधाची चव काय कळणार? तू कंद कांड." मला एकदा इवेरेन बाजारात भेटली तर सगळ्यांसमोर म्हणाली, "ए गायींच्या गुलामा, बायको चालते म्हणून खातोस." मी सुद्धा हसलो होतो.

मग या खोऱ्यात माणसं मरायला लागली. शेतं वाढली, गायींच्या जुन्या वाटांवर पिकं आली, गायी पिकांत शिरल्या. कुणी गाय कापली, कुणी कोठार जाळलं. आधी काय झालं ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. मी एवढंच सांगू शकतो की आधी थट्टा बंद झाली. ती बंद झाली तेव्हाच आम्ही घाबरायला हवं होतं.

मरायच्या आधी वर्षभर ती एकच गोष्ट बोलत होती. पशुवैद्यकीय खात्याचा एक माणूस बाजारात बायकांना बंदिस्त चराईबद्दल सांगून गेला होता. तिनं आणि इवेरेननं मिळून त्याचा विचार केला होता.

"ऐकता का," ती म्हणाली. "ओढ्याकाठी इवेरेनच्या घरची जमीन पडीक आहे. काही पिकत नाही तिच्यात. तिथं कुंपण घालू, हत्तीगवत लावू. गायी आत, पिकं बाहेर. गायी बसून जमीन सुधारली की ती त्यांना परत द्यायची आणि आपण शेजारच्या तुकड्यात जायचं. दूध एका जागी मिळेल. डिजा शाळेत जाईल."

"बायकांनी जमिनीचं ठरवायचं का?"

"नाही. तिचा दीर ओर्कुमा जमिनीचा कर्ता आहे, आणि आपल्या घरचे तुम्ही. तुम्ही दोघांनी लोकांसमोर उभं राहून बोलायचं. आम्ही फक्त विचार केला."

"आर्दो काय म्हणतील?"

"आर्दोंच्या गायी का आहेत या?"

आर्दो म्हणजे आमच्या तळांचा मुखिया. मी त्यांना विचारलं. विचारलं म्हणजे भीत भीत विषय काढला. ते बाकीच्या पुरुषांकडे बघून म्हणाले, "ऐका रे. गिडाडो गायींना कुंपण घालतोय. बायकोनं दाव्याला बांधलेला फुलानी मी अजून पाहिला नव्हता, आज पाहिला." सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळले. "अरे, आज गाय कोंडशील, उद्या तुला कोंडतील. चालते ती गाय आणि चालतो तो फुलानी."

मी त्यांच्याबरोबर हसलो. आणि घरी येऊन बायकोला ओढा ओलांडायला बंदी केली. दिवस वाईट आहेत असं कारण सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण तेच कारण नव्हतं.

पंधरा दिवस ती गेली नाही. दूध नासलं. बातमी आली नाही. आणि मी गायी घेऊन ओर्कुमाच्या भाताच्या शेतात शिरलो.

लांबून मला पेंढा दिसला. झोडून टाकलेला पेंढा आणि न झोडलेले भारे लांबून सारखेच दिसतात. मला वाटलं शेत मोकळं झालं. गायी भाऱ्यांवर पडल्या, तेव्हा दाणे दातांखाली फुटायचा आवाज मी ऐकला. हाकलेपर्यंत अर्धं संपलं होतं आणि उरलेलं तुडवलं होतं. एका घराचं वर्षाचं अन्न. ती गेली असती तर येऊन एक वाक्य बोलली असती, "ओर्कुमाची झोडणी व्हायची आहे." एवढं एकच वाक्य.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं सगळं दूध भोपळ्यात भरलं. मी वाटेत उभा राहिलो.

"कुठं?"

"ओर्कुमाच्या घरी. दूध ठेवते आणि चुकलं म्हणते. तुम्हाला म्हणता येत नाही ना? मग मला जाऊ द्या."

मी बाजूला झालो. ओढ्याच्या अलीकडे मोटरसायकलवर आलेल्या तिघांनी तिला गाठलं. कुणी म्हणतं ते तिव होते, कुणी म्हणतं पैसे घेऊन कुणासाठीही मारणारे होते. इवेरेनच्या गावातले नव्हते, हे ती शपथेवर सांगते. अजून कुणाला पकडलेलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या तळांवरच्या पोरांनी ओर्कुमाचं कोठार जाळलं. माझ्या बायकोचा सूड म्हणून जाळलं. जायच्या आधी ती पोरं माझ्यासमोर उभी होती. मी हो म्हणालो नाही. नकोही म्हणालो नाही. मग ओढ्यापलीकडच्या कुणीतरी पाण्यावर गेलेल्या माझ्या सात गायी कापल्या.

महिन्याभरानं नुकसानीची नोंद करायला सरकारी समिती आली. शाळेच्या ओसरीत टेबल टाकलं होतं. एका बाजूला आम्ही, एका बाजूला ते.

"मेलेली जनावरं?" कारकुनानं विचारलं.

मी सांगितली. बांडी. कवडी. लांब शिंगांची. पुरात जन्मलेली. आईविना वाढलेली. तुटक्या कानाची. आणि तिच्या माहेरून आलेली तांबडी. कारकुनानं सातही लिहून घेतल्या.

"माणसं?"

"एक."

"नाव?"

मी खाकरलो. सवयीनं. कारकून थांबला होता, त्याची लेखणी कागदावर टेकलेली होती. सगळे पुरुष बघत होते.

"त्याची बायको होती," आर्दो म्हणाले. "आमच्यात नाव घेत नाहीत."

कारकून दमलेला होता. त्या दिवसात त्यानं पुष्कळ मेलेली माणसं लिहिली असतील. त्यानं ‘एक स्त्री’ असं लिहिलं आणि म्हणाला, "पुढचा."

बाहेर इवेरेननं मला गाठलं.

"ए गायींच्या गुलामा," ती म्हणाली. फार दिवसांनी मी ते ऐकलं. पण ती हसत नव्हती. "सात गायींची नावं घेतलीस. तिचंच आठवलं नाही?"

"आमच्यात—"

"तुमच्यात! बाजारात लांबून येणाऱ्या आमच्या बायका अजून मला विचारतात, दूधवाली कधी येणार. त्यांना काय सांगू? एक स्त्री आता येणार नाही, असं सांगू? मला नाव माहीत आहे, मी आत ओरडून सांगू शकले असते. पण म्हटलं, नवऱ्याच्या तोंडात जीभ आहे की नाही बघू."

मी तळावर परत आलो. भोपळा दाव्याच्या खुंटीपाशी पालथा पडला होता. डिजानं तो धुऊन ठेवला होता.

कोरडे दिवस लागले, की आम्ही कळप घेऊन दक्षिणेला जातो. निघायच्या आधी सगळे पुरुष आर्दोंच्या तळावर जमतात आणि वाट ठरवतात. त्या सकाळी त्यांनी प्रत्येकाला विचारलं. माझी पाळी आली.

"मी येत नाही," मी म्हणालो.

"गायी काय खातील?"

"ओढ्याकाठच्या जमिनीत कुंपण घालणार आहे. गवत लावणार आहे."

"परत तेच? बायको गेली तरी दावं सुटलं नाही का रे तुझं?" आर्दो म्हणाले. या वेळी फार कुणी हसलं नाही.

"कुंबो म्हणाली होती तसं करणार आहे," मी म्हणालो.

एका म्हाताऱ्यानं मान खाली घातली. दोघे उठून गेले. आर्दोंनी तोंड फिरवलं, जणू मी त्यांच्यासमोर कपडे काढून उभा होतो. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण मी परत म्हणालो, "कुंबो. माझी बायको. मी तिला ओढा ओलांडू दिला असता, तर भात वाचलं असतं आणि ती पण वाचली असती. चालते ती गाय म्हणता, आर्दो. पण आपल्या गायी चालतात तिथं आता माणसं मरतात. त्यांची पण मरतात."

"तू आता आमच्यातला नाहीस," आर्दो म्हणाले. रागावून नाही. दमून म्हणाले. त्यांचाही एक मुलगा मागच्या साली गेला आहे. त्याचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

तिथून मी थेट ओर्कुमाकडे गेलो. तो जळक्या कोठाराचे वासे वेगळे करत होता.

"माझं भात तुझ्या गायींच्या पोटात गेलं," तो म्हणाला. "कोठार तुझ्या पोरांनी जाळलं. आता जमीन पण हवी?"

"हो. मागायला आलोय. आणि चुकलं म्हणायला."

तो कितीतरी वेळ वासे उचलत राहिला. मग त्यानं पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. "पडीक तुकडा वहिनीच्या वाट्याचा आहे, तिनं दिला तर घे," तो म्हणाला. "ओढ्याकडची पट्टी माझी. ती मी देणार नाही. आत्ता तरी नाही. माझी मुलं ज्वारी उसनी आणून खातात."

मी स्टुलावर बसलो.

कुंपणाच्या तीन बाजू झाल्या आहेत. खांब मी आणि इवेरेननं पुरले. तार ओढायला तिच्या गावातले दोघे आले, आमच्यातलं कुणी आलं नाही. हत्तीगवत गुडघ्याएवढं झालं आहे. या वर्षी माझी एकही गाय कुणाच्या पिकात गेली नाही. परवा इवेरेन म्हणाली, "शेणवाल्या, तुझं गवत माझ्या ज्वारीपेक्षा बरं आलंय. चोरून खत टाकतोस का रे?" यावरची उत्तरं कुंबोला सुचायची.

समितीचा कागद दुरुस्त करायला मी दोनदा गेलो. तो कागद वर गेला आहे म्हणतात. वर म्हणजे कुठं, ते कुणी सांगत नाही. त्यावर अजून ‘एक स्त्री’ असंच आहे. तिला मारणारे सापडलेले नाहीत. ओर्कुमानं पट्टी दिलेली नाही. म्हणून ओढ्याकडची बाजू उघडी आहे, आणि गायी तिकडून बाहेर पडू नयेत म्हणून डिजा सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथं काठी घेऊन उभी असते. तिला अजून शाळेत घातलेलं नाही.