गोड आहे, टाका

"नीट वास घ्या काका, घाई नाही," मॅनेजर म्हणाला. साखरकाकांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधलेला होता आणि त्यांचाच भाचा दोन घमेली आळीपाळीने त्यांच्या नाकाशी धरत होता. एकात चांगला मुरघास, म्हणजे खड्ड्यात दाबून आंबवलेला चारा आहे, दुसऱ्यात नासलेला, एवढंच त्यांना सांगितलं होतं. गोठ्यातली सगळी माणसं हातातली कामं टाकून तमाशा बघायला जमली होती.

साखरकाका हे नाव त्यांना त्यांच्या जिभेने मिळवून दिलेलं. सव्वीस वर्षं ते या डेअरीत चारा चाखत आले. कुट्टी करण्याआधी एक काडी चावायची, थुंकायची आणि निकाल द्यायचा. चाऱ्यात साखर असेल तर खड्ड्यात दाबल्यावर तो झटपट आंबतो आणि त्यातली प्रथिनं टिकतात. साखर कमी पडली तर आंबणं रेंगाळतं, चारा सडतो, प्रथिनांचा अमोनिया होतो आणि गाई तोंड फिरवतात. चारा फिका लागला की काका दोन बोटं वर करायचे, म्हणजे टनामागे साखर कारखान्यातल्या गोड मळीच्या दोन बादल्या मिसळायच्या. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे आणि त्याचा त्यांना भारी ताठा होता. एकदा भाच्याने त्यांच्या आधी काडी चावून "फिकी आहे मामा" म्हटलं, तर सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत बसली होती.

मागच्या तापात काकांची चव गेली आणि वासही गेला. सांगायची लाज वाटली. येईल परत, म्हणत ते दिवस ढकलत राहिले. मग एकदा तीन दिवस सूर्य दिसला नव्हता, तेव्हा लसूणघास कापला गेला. ऊन नसेल तर घासात साखर भरत नाही, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. पण काडी तोंडात घोळवताना सगळे त्यांच्याकडे बघत होते. कागद चावल्यासारखं लागलं आणि ते म्हणाले, "गोड आहे, टाका." मळीच्या बादल्या तशाच भरलेल्या राहिल्या.

"हे," काका आता म्हणाले. आवाज त्यांनी नेहमीचाच, ठाम लावला. "हे झकास उतरलंय. आंबटगोड."

एकच हशा पिकला. टॉवेल सोडला तर समोर ताजं शेण होतं. दुसऱ्या घमेल्यात त्यांच्या खड्ड्यातला काळपट, बुळबुळीत मुरघास होता. चांगला कशातच नव्हता.

"साठ गाई दोन दिवस उपाशी आहेत काका," मॅनेजर म्हणाला. "डोळे मिटूनच चाखलंत की काय?"

काका भाच्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी. मी पण काडी चावली होती. पाणचट होती."

"मग बोलला का नाहीस रे?"

"एकदा बोललो होतो की, मामा," भाचा गाल चोळत म्हणाला. लोक पुन्हा हसले.

"यापुढे चारा हा चाखेल," मॅनेजर म्हणाला. आपल्याला आता घरी पाठवतील, असं काकांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं होतं. "आणि तुम्ही तो खड्डा उपसा. बाकीच्यांना तिथे उभं राहवत नाही, ओकाऱ्या येतात. तुम्हाला काय, सगळं सारखंच!"

आठ दिवस ते एकटेच खड्ड्यात फावडं मारत होते. वर काठावर भाचा काडी चावायचा, थुंकायचा आणि दोन बोटं वर करायचा, हुबेहूब त्यांच्यासारखी. थुंकी कधी कधी खाली यायची. काका मान वर करत नसत.

आठव्या दिवशी संध्याकाळी साबणाची अख्खी वडी संपवून ते जेवायला बसले. नात आपलं ताट उचलून आतल्या खोलीत गेली.

"अजून येतो का गं वास?" त्यांनी बायकोला विचारलं.

"छे हो, कधीच गेला," ती म्हणाली. बाहेर कडाक्याची थंडी होती, तरी तिने उठून खिडकी उघडली.