तेरा पंचवीसची नोंद

मोबाइल वाजला तेव्हा सोमनाथ अंघोळ करून डोकं पुसत होता. हॉस्पिटलचा मेसेज होता. 'आमच्याकडील आपला मुक्काम कसा होता? पाचपैकी किती तारे द्याल?'

म्हणजे उज्वलाला सुट्टी मिळाली! पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते. डॉक्टर परवा सोडतो म्हणाले होते, पण हिनं भांडून आजच निघायचं ठरवलं असणार. बावीस वर्षं पोलीस ठाण्यात काढलेली हवालदार बाई, तिच्यापुढं डॉक्टर किती टिकणार? त्यानं पाचही तारे दाबले. ऑपरेशनच्या दिवशी घरी आणलेल्या तिच्या चपला पिशवीत टाकल्या आणि स्कूटर काढली.

काउंटरवरच्या मुलीनं नाव कम्प्युटरमध्ये बघितलं आणि मान वर केलीच नाही.

"तुम्हाला फोन नाही आला का, सर?"

फोन आला नव्हता. पेशंटचं नाव कम्प्युटरमधून काढलं की तो मेसेज आपोआप जातो. पेशंट घरी गेला की कायमचा गेला, ते कम्प्युटरला कळत नाही. दिलेले तारे नंतर परत घेता येत नाहीत, हेही सोमनाथला त्याच आठवड्यात कळलं.

उज्वलाचं सामान विठाबाईनं आणून दिलं. ती तिसऱ्या मजल्यावरची आया, तिथं वीस वर्षांपासून. तिनं पिशवी त्याच्या हातात देताना वरून दाबली.

"दादा, आत डायरी हाय. उशीखाली होती. ती आधी काढून घ्या."

उज्वला ठाणे अंमलदार होती. ठाण्यात कोण आलं, कोण गेलं, काय घडलं, सगळं वेळ टाकून लिहायचं आणि खाली सही करायची, हे तिचं काम. सगळं कम्प्युटरवर गेलं तरी तिची सवय गेली नाही. घरी गॅस सिलिंडर लावला तरी खिशातल्या डायरीत वेळ पडायची. सोमनाथ चिडवायचा, "मी शिंकलो, तेही लिही." ती म्हणायची, "लिहीन, पण खाली सही तुमची. बिनसहीची नोंद कोणी धरत नाही."

डायरीच्या शेवटच्या पानावर त्या दुपारच्या नोंदी होत्या.

'१२.४०. पोटात जोरात दुखणे सुरू. बेल दिली.
१२.५५. कोणी आले नाही. पुन्हा बेल दिली.
१३.१०. आयाबाईंना आवाज दिला. सिस्टर खालच्या मजल्यावर असल्याचे समजले.
१३.२५. बेल दिली. हातपाय गार.'

पहिल्या तीन नोंदींखाली तिची सही आणि बक्कल नंबर होता. चौथीखाली काहीच नव्हतं.

"मी पळत खाली गेले," विठाबाई म्हणाली. "सिस्टर एकटी लेकरू, दोन मजले तिच्याच अंगावर. ती तरी काय करणार? हे हॉस्पिटल गंगाधर डॉक्टरांचं होतं तवा मजल्याला चार सिस्टर असायच्या. त्यांनी मुंबईच्या कंपनीला विकलं. ही कंपनी पण ठेवणार नाय म्हणे. चार-पाच वर्षं चालवायचं, कागदावर चांगलं दिसलं की पुढच्याला विकायचं. माणसं कमी केली की कागदावर लय चांगलं दिसतं, दादा."

सोमनाथनं हॉस्पिटलकडं तक्रार दिली, केसपेपर मागितले. महिन्यानं एका ओळीचं उत्तर आलं. 'रुग्णाची दर अर्ध्या तासाने तपासणी करण्यात आली होती.' केसपेपर आले नाहीत.

जानेवारी उजाडला. पोलीस स्थापना सप्ताहात हॉस्पिटलनं 'खाकीचा सन्मान' ठेवला. तीस पोलिसांचा सत्कार आणि उज्वलाचा मरणोत्तर. आमंत्रण घेऊन हॉस्पिटलचा मॅनेजर धवल घरी आला. सोबत उज्वलाच्या ठाण्याचे इन्स्पेक्टर आहेर साहेब.

"सर, तिसऱ्या मजल्याला आम्ही मॅडमचं नाव देतोय," धवल म्हणाला. "तुम्ही फक्त स्टेजवर यायचं. बोलायची सक्ती नाही."

"बोललो तर?"

धवलनं आहेरांकडं बघितलं.

आहेरांनी चहाचा कप खाली ठेवला. "सोमनाथराव, स्पष्ट सांगतो. आपल्या पोलीस पोरांना, त्यांच्या आईबापांना तिथं उपचार मिळावेत म्हणून करार होतोय. त्याच दिवशी सह्या आहेत. मागच्या महिन्यात आमच्या एका शिपायाचा बाप खाट मिळेना म्हणून तीन ठिकाणी फिरला. तुम्ही तमाशा केला तर नुकसान त्यांचं होईल. उज्वलाताईंना ते आवडलं असतं का?"

उज्वलाला शिपायांचं दुखणं खरंच मनाला लागायचं. कोणाच्या घरात आजारपण आलं की डबा हिच्याकडून जायचा. पण तिचं नाव त्याच मजल्यावर लागलं की त्या दुपारी तिथं काही चुकलं होतं, असं कोण मानणार?

"येतो," तो म्हणाला. डायरीचं बोलला नाही.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत नवे फेटे बांधलेले पोलीस, मागं त्यांच्या घरची माणसं. कोणीतरी कुजबुजलं, "फेटा सैल झालाय रे, साहेबांच्या डोळ्यावर येईल," आणि दोघं हसले. मग उज्वलाचं नाव पुकारलं आणि सगळे उभे राहिले. इतकी माणसं तिच्यासाठी उभी आहेत, गुपचूप शाल घ्यावी आणि घरी जावं, असं क्षणभर सोमनाथला वाटलं.

मुंबईहून आलेले कंपनीचे मोठे साहेब शाल उघडून पुढं आले. सोमनाथ एक पाऊल मागं सरला. त्यानं खिशातून डायरी काढली, पान उघडलं आणि नारळाच्या तबकात ठेवली.

"शाल नको. इथं सही पाहिजे."

"सर, नंतर बोलू," धवल पटकन मध्ये आला. माइककडं वळून म्हणाला, "आपण समजू शकतो, ते भावनिक झालेत..."

"मी भावनिक नाही," सोमनाथ म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण माइक जवळ होता. "ठाण्यात चार्ज घेतला की घेणारा सही करतो. त्या दुपारी ही तुमच्या ताब्यात होती. तिनं चारदा बोलावलं. शेवटच्या वेळी तिला सही करता आली नाही. बेल वाजली आणि कोणी आलं नाही, एवढं खरं असेल तर सही करा. खोटं असेल तर तसं लिहा आणि सही करा."

मोठ्या साहेबांच्या हातातली शाल तशीच राहिली. त्यांनी धवलला विचारलं, "क्या है ये?" धवलनं डायरीकडं हात नेला, पण त्याच्या आधी स्टेजवरच बसलेल्या आहेरांनी ती उचलली. उभ्याउभ्या वाचली. अक्षर त्यांच्या रोजच्या ओळखीचं होतं.

"हे मला आधी का नाही दाखवलंत?" ते हळू आवाजात म्हणाले.

"दाखवलं असतं तर तुम्ही जमा करून घेतलं असतं."

आहेरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी डायरी मिटली, सोमनाथच्या हातात परत दिली आणि मुठीवर आपला हात दाबला. "उद्या अकराला ठाण्यात या. ही घेऊन या." मग ते खुर्चीत जाऊन बसले. सत्कारात मिळालेली स्वतःची शाल त्यांनी मांडीवर घडी करून ठेवली, ती जाताना खुर्चीवरच राहिली.

कराराच्या सह्या त्या दिवशी झाल्या नाहीत. बाहेर एका शिपायानं सोमनाथला नमस्कार केला. दुसऱ्यानं तोंड फिरवलं. हाच तो बापाला घेऊन तीन ठिकाणी फिरलेला. सोमनाथला त्याचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात सोमनाथचा तक्रार अर्ज घेतला गेला. त्याची नोंद झाली, खाली नव्या ठाणे अंमलदारानं सही केली. हॉस्पिटलकडून केसपेपर मागवलेत, असं आहेर सांगतात. तिसऱ्या मजल्यावर नावाची पाटी लागली नाही, आणि तिथं सिस्टर अजून एकच आहे, असं विठाबाई सांगते.

केसपेपर आलेले नाहीत. तेरा पंचवीसच्या नोंदीखाली अजून कोणी सही केलेली नाही.