जाळण्याचा रकाना

कुणाच्या घरातून पृथ्वी किती तापते ते मोजायला तालुक्याहून आलेल्या तक्त्यात विमानाचा रकाना होता. कारचा, एसीचाही. नवापूरच्या डोंगरातली सातवीची पोरं; एकेकानं ‘नाही, नाही, नाही’ लिहून तक्ता परत दिला. जगाला ताप चढवणारे वेगळेच, नाडी तपासायची ती मात्र ह्या पोरांची.

हेडमास्तर म्हणाले, कोरा तक्ता वर चालत नाही, काहीतरी भरा. म्हणून वर्गशिक्षिका प्रिस्किलाबाईंनी खाली हातानं एक रकाना आखला : घरात, शेतात, रानात काय जाळता? खोटं लिहाल तर कागद फाडेन, असंही बजावलं. पोरांना वाटलं, आता कुठे आपल्याला येणारा प्रश्न आला. भरभरून लिहिलं. रविनानं तर चित्रच काढलं. मोहाचं झाड, खाली पेटलेला पाला, बाजूला काठी घेऊन बाप. पाला जाळला की जमीन साफ होते, गळलेली फुलं वेचायला सोपी. पणज्यापासून असंच चालत आलेलं.

चित्र तालुक्याच्या प्रदर्शनात पहिलं आलं.

पुढच्याच आठवड्यात सरकारी रोपवन पेटलं. तीन दिवस डोंगर धुमसला. वर्गात वह्यांवर राख बसायची. चौथ्या दिवशी जीप आली. जंगलाचा गार्ड खालच्या सपाटीवरचा, ब्राह्मणपुरीकडचा, बोलायला गोड. त्याच्या मोबाईलमध्ये रविनाचं चित्र होतं. काठीवाल्या माणसावर बोट ठेवून त्यानं विचारलं,

"मॅडम, हाऊ कोना बाप शे?"

बाई म्हणाल्या, पोरीचं चित्र आहे, त्यात काय. गार्ड हसला. म्हणाला, वरून नाव मागताहेत, आम्हाला नाव पाहिजे. आग कुणी लावली ते त्याला ठाऊक नव्हतं, करून घ्यायचंही नव्हतं. रविनाचा बाप रायसिंग महिनाभर सुरतेला बांधकामावर होता, हे बाईंना पक्कं ठाऊक. पण ते सांगायचं तर आधी त्याचं नाव घ्यावं लागणार. बाईंना वाटलं, आपण तोंड उघडलं नाही म्हणजे झालं.

गार्ड त्यांना ओलांडून वर्गात शिरला. पोरं उठली, नमस्ते साहेब म्हणाली. त्यानं बसवलं आणि मास्तरासारखंच विचारलं, मोहाखाली पाला कुणाकुणाचा बाप जाळतो?

रविनाचा हात आधी वर गेला. मग शेजारचीचा. मग मागचे बाक. बाई मान हलवून नको नको करत होत्या, पण पोरांचे डोळे साहेबाकडे. एवढ्या वर्षांत एकाही प्रश्नाला अख्ख्या वर्गाचे हात उठले नव्हते.

गार्ड पहिल्या बाकावर टेकला. डायरी काढली, पेनाचं टोपण उघडलं.

"हं," तो म्हणाला, "सावकाश सांगा. बापाचं पूर्ण नाव."