पूजेतले चार बोल्ट

आमच्या हिर्डोशीत अजून बोलत्यात, अंबूच्या, म्हंजी माझ्या, पायी दवाखान्याची गाडी गेली म्हणून. बोलू देत. तोंडं त्यांची हायेत, म्या कशाला हात लावू? गाडी कुणाच्या पायी गेली ते मला ठावं हाय, आन् माझ्या सासऱ्यांना, नानांना, तर चांगलंच ठावं हाय.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. पुण्यातल्या कुठल्याशा ट्रस्टनं डोंगरातल्या गावांसाठी फिरत्या दवाखान्याच्या गाड्या काढल्या व्हत्या. एक वेल्ह्याकडं फिरायची, एक आमच्या भोरकडं. गाडी कसली, चाकावरचं घरच व्हतं ते. आत डॉक्टरला निजायला बाक, स्टोव्ह, औषधाचं लोखंडी कपाट, आन् पेशंटला निजवायला दुसरा लांब बाक. एसटीचा भरवसा नव्हता, त्यामुळं ती गाडी आली की गाव पळत सुटायचं.

तिचा ड्रायव्हर कुंडलिक आमच्याच आळीतला. दसऱ्याला डॉक्टर घरी गेला, तसा कुंडलिक गाडी घिऊन गावी आला आन् आमच्या अंगणात लावली. खंडेनवमीची पूजा समद्या आळीची नानांच्या हातची, म्हणून. त्या दिवशी राबणारी हत्यारं पुजायची. नांगराचा फाळ, कोयते, विळे, खुरपी पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठिवायची. आन् एकदा पुजलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं लुटून येईस्तोवर कशालाच हात लावायचा न्हाई. कुंडलिकनं आपले पाने, पकड समदं त्याच पाटावर ठिवलं. गाडीला हार घातला.

माझे दिवस भरत आले व्हते. लई वर्सांनी कूस उजवली व्हती माझी. माझा मालक मुंबईला गोदीत, घरात सासूबाई साळूबाई आन् नाना. साळूबाईंनी जुन्या लुगड्याची कुंची शिवून ठिवली व्हती, लाल काठाची. नाना तर सकाळपासनं समद्यांना दम भरत व्हते, "यंदा पूजेत काडीची कसूर नको. घरात पाळणा हालायचाय."

दुपारच्या एसटीनं ट्रस्टच्या वर्कशॉपचा माणूस उतरला. भिमा नाव त्याचं. घाम पुसत अंगणात आला आन् कुंडलिकला म्हणाला, "ह्या समद्या गाड्या माघारी बोलावल्यात. बाक नीट बसवलेले न्हाईत. नुसते लाकडात इस्क्रू मारल्यात, खाली चासीच्या लोखंडाला बोल्टच न्हाईत. वेल्ह्याची गाडी गुंजवण्याला चालली व्हती, बाक उपटला, म्हाताऱ्याचा पाय मोडला."

"मग आत्ताच न्यायची का?" कुंडलिक म्हणाला.

"परवा ने. पर तोवर पेशंट बसवायचा आसंल तर आदी हे चार बोल्ट मार. भोकं पाडलेलीच हायेत, नुसतं आवळायचं." त्यानं पिशवीतनं चार बोल्ट काढले. केवढाले, अंगठ्यायेवढे जाड.

"तूच मार की आलायस तर."

"माझे पाने वर्कशॉपात पूजेला हायेत," भिमा वरमून म्हणाला. "म्हटलं तुझे आसतील."

घ्या! पुण्याहून माणूस बोल्ट घिऊन आला आन् पाना देवाफुडं ठिवून आला. कुंडलिकनं पाटाकडं बघितलं. नाना तिथंच बसल्याले. ते बोल्ट त्यांनी भिमाच्या हातातनं घेतले, पाटावर पान्याशेजारी ठिवले आन् वर दोन झेंडू टाकले. म्हणाले, "उद्या सोनं लुटल्यावर बसवा. गाडी काय पळून जात न्हाई." भिमा च्या पिऊन परतीच्या एसटीनं गेला.

एसटीचा धुरळा बसला नसंल, तवर माझ्या पोटात कळ आली.

सुईण आली, ठकुबाई. तिनं पोटावर हात फिरवला आन् तिचा चेहराच पडला. "आडवं हाय," म्हणाली. "माझ्या हातचं न्हाई. भोरला न्या, बिगी बिगी."

अंगणात गाडी उभी. नशीबच म्हणायचं, न्हाई का? कुंडलिक धावत आला आन् सरळ पाटाकडं गेला. पान्याला हात घालणार, तेवढ्यात नाना वरडले, "थांब! हात लावायचा न्हाई!"

"नाना, बाक सुटा हाय. दोन मिनटांत आवळतो."

"पुजल्यालं हत्यार हाय ते. आज उचललं तर ते कुणाचं तरी रगात मागतंय. घरात बाळंतीण हाय आन् तुला हे सुचतंय?"

"आन् गाडी? तिचीबी पूजा झालीया की."

"गाडी हत्यार हाय का? देवाचं नाव घे, हार काढ, आन् हळू चालव."

मी दारात वाकून, चौकट धरून उभी व्हती. म्या म्हणाली, "मामंजी, आवळू द्या की हो. पाया पडते." सुनेनं सासऱ्याफुडं असं तोंड उघडायचं न्हाई, पर म्या उघडलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुदीक न्हाई. कुंडलिकला म्हणाले, "माझा नातू हाय तो. त्याच्या वाईटावर मी आसंन का?"

न्हवतेच. तेच तर जळतंय मला. वाईट चितणारा माणूस आसता तर चार शिव्या घालून मोकळी झाले आसते.

कुंडलिक पाटापासनं मागं सरला. त्यानं काथ्याच्या सुंभानं बाक मागल्या दाराच्या गजाला बांधला. मला बाकावर निजवलं, साळूबाई उशाशी बसल्या. कुंडलिक खरंच हळू चालवत व्हता बिचारा, पर तो रस्ता कुठं हळू चालवू देतोय? खड्डा आला की बाक कुरकुरायचा. साळूबाई एका हातानं मला आन् एका हातानं सुंभ धरून बसलेल्या.

उताराच्या वळणावर म्हशी आडव्या आल्या. कुंडलिकनं ब्रेक मारला. सुंभ तुटलं, इस्क्रू उपटले, आन् माझ्यासकट आख्खा बाक त्या लोखंडी कपाटावर जाऊन आदळला. पोट फुडं व्हतं माझं. म्हशींना काय झालं न्हाई. गाडीलाबी काय झालं न्हाई. साळूबाईंचा हात मोडला, आन् त्या मोडक्या हातानं माझं तोंड कुरवाळत व्हत्या.

भोरच्या दवाखान्यात माझं बाळ काढलं. मुलगा व्हता. नाकीडोळी नीटस, रडलाच न्हाई. नर्सबाईनं सांगितलं, आता पुन्हा व्हायचं न्हाई.

गाडी ट्रस्टची माणसं भोरातनंच घिऊन गेली, ती परत काय आली न्हाई. मग गावाच्या तोंडाला ऊत आला. अंबूपायी गाडी गेली! आजारी माणसाला डोलीत घालून न्यायची पाळी आली की बाया माझ्या दाराकडं बघायच्या. नाना पारावर बसून म्हणायचे, "देवाची मर्जी. निदान पूजा तरी मोडली न्हाई. मोडली आसती तर सूनबी गेली आसती." माझ्या कानानं ऐकलंय म्या हे. एकदा तरी माझ्याफुडं बसून "पोरी, चुकलं" म्हणाले आसते! तेवढ्यावर म्या समदं गिळलं आसतं. न्हाई म्हणाले.

ते चार बोल्ट नेयाला कुणी आलंच न्हाई. साळूबाईंनी ते खुरप्यांच्या पाटीत टाकून दिले व्हते.

फुडच्या खंडेनवमीला नाना म्हणाले, "अंबू, हत्यारं मांड." म्या अंगण सारवलं, पाट ठिवला. फाळ मांडला, कोयते मांडले, विळे मांडले. आन् मधोमध, नानांच्या बसायच्या जागेफुडं, चार बोल्ट मांडले. घासून लखलखीत केले व्हते. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, दोन दोन झेंडू ठिवले.

आळीतली माणसं जमली व्हती. कुंडलिकबी व्हता, त्यानं मान खाली घातली. नाना आले, नारळ फोडायला वाकले आन् तसेच ऱ्हायले. मग म्हणाले, "हे कशाला? काढ ते." मी हालली न्हाई. मग त्यांनी सोताच हात फुडं केला.

म्या म्हणाली, "हात लावू नका, मामंजी. पुजलेत. उद्या सोनं लुटल्यावर उचला."

त्यांनी हात मागं घेतला.

दसऱ्यालाबी त्यांनी ते उचलले न्हाईत. त्या सालीबी न्हाई, नंतरबी न्हाई. म्याच उचलते. पुसते, गोडं तेल लावते, आन् लाल काठाच्या कुंचीत गुंडाळून फुडच्या नवमीपातूर पेटीत ठिवते.