अगाऊ साक्ष

"आणि मग?" मॅडमनी विचारलं.

टायपिस्टबाईंनी हातातल्या कागदाकडं पाहिलं. त्यावरचं सगळं वाचून झालं होतं. नवऱ्याच्या मानेवर हाताला लागलेली गाठ, डॉक्टरांनी काढलेला तिचा तुकडा, तो तपासायला पाठवताना नर्सनं बाटलीवर चिकटवलेलं त्याचं नाव. सगळं इंग्रजीत. आणि या खेपेला इंग्रजी नीट उतरलंय, हे त्यांचं त्यांनाही कळलं होतं.

"मग काही नाही," त्या म्हणाल्या.

"असं कसं? साक्षीला शेवट लागतो हो. देवानं काय केलं ते नको का सांगायला?"

चर्चच्या बाजूच्या खोलीत शनिवारी दुपारी हा वर्ग भरायचा. मंडळीतली निम्मी पोरं परदेशी गेलेली. त्यांच्या पोरांना मराठी वाचता येईना. म्हणून आजी-आजोबांच्या साक्षींचं एक पुस्तक इंग्रजीत काढायचं ठरलं, आणि ठरल्यावर लक्षात आलं की इंग्रजीत लिहिता कुणालाच येत नाही. मग कॉलेजातून निवृत्त झालेल्या मॅडम लाल पेन घेऊन बसल्या. पाद्रीसाहेबांच्या पत्नी पाळकीणबाई एका वाक्यात तीन प्रार्थना कोंबायच्या, त्यांची वाक्यं मॅडम शेवग्याच्या शेंगेसारखी मोडून द्यायच्या. निवृत्त पोस्टमन आमेनकाका वर्षानुवर्षं बायबलातल्या योनाला गिळणाऱ्या माशावर पुस्तक लिहीत होते आणि अजून माशाच्या पोटातच होते. कुणाचीही प्रार्थना संपायच्या आधी मोठ्यानं आमेन म्हणून मोकळं व्हायचं, म्हणून त्यांना ते नाव पडलेलं.

टायपिस्टबाईंचा जन्म वकिलाच्या ऑफिसात प्रतिज्ञापत्रं टाइप करण्यात गेला. इंग्रजी त्यांच्या बोटांना यायचं. डोक्यापर्यंत पोचायचं कारणच पडलं नव्हतं. वर्गात त्यांनी पहिल्यांदा लिहून आणलं त्याची सुरुवातच होती, 'मी, खाली सही करणारी, शपथेवर सांगते की'. मॅडमनी चष्मा काढला होता. "बाई, देवावर दावा लावताय का?" सगळे हसले, बाईही हसल्या. "डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा. लहान वाक्यं. जिथं तुमचं संपतं, तिथं थांबा."

बाईंनी तसंच केलं होतं. जिथं संपत होतं तिथं थांबल्या होत्या. पण साक्ष म्हटली की ती संकट टळल्यावरच द्यायची. रडता रडता कुणी पुढं येत नाही. डोळे पुसून, केस नीट करून, मग यायचं आणि देवानं कसं सोडवलं ते सांगायचं. आता खोलीतली सगळी माणसं त्या सोडवणुकीची वाट बघत होती. आमेनकाकांनी तर तोंड उघडून ठेवलं होतं.

"रिपोर्ट चांगला आला," बाई म्हणाल्या. "काही वाईट नाही निघालं."

"आमेन," काका गरजले.

पाळकीणबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. "आणि बोलला नाहीत ते एका शब्दानं."

"मग हेच लिहा की," मॅडम म्हणाल्या. "इथंच बसून लिहा."

बाईंनी लिहिलं. कधी नव्हे ते पेन भराभर चाललं. नवऱ्यानं रिपोर्ट उलटा धरून वाचला, मग चष्मा शोधला, मग दोघं स्वयंपाकघरात नुसतेच उभे राहिले. मॅडमनी दोनदा वाचलं आणि लाल पेनाचं टोपण काढलंच नाही. "उद्याच्या उपासनेत पहिली साक्ष तुमची," त्या म्हणाल्या. "पोरंही तिकडून फोनवर बघणार आहेत."

रिपोर्ट सोमवारी यायचा होता.

फाटकाबाहेर आल्यावर बाईंनी लॅबला फोन लावला. तिथली मुलगी रोज तुसडी बोलायची. दर खेपेला 'सांगितलं ना' असं म्हणून फोन ठेवायची. आज तिनं नाव विचारलं, थोडा वेळ गेला, आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, "काकू, सोमवारी या ना. दोघंही या."

"चांगलं असलं तर आत्ता सांगा की."

"फोनवर नाही सांगत आम्ही. काहीही असलं तरी."

ती तुसडी बोलली असती तर किती बरं झालं असतं.

चालता चालता त्यांना वकीलसाहेब आठवले. खोट्या कागदावर सही करणारी माणसं बाईंनी खूप पाहिली होती. हात कुणाचा कापायचा नाही; वेलांट्या कशा झोकात काढायची. ती गेली की साहेब म्हणायचे, "कागदाला घाई नसते हो बाई. तो थांबतो." आणि इथं कागद तर देवाच्या नावानं. न मिळालेल्याचे आभार मानून मोकळं झाल्यावर देवानं द्यायचं राहिलंच काय? की त्याला वाटेल, ही आपल्याला भरीला घालतेय, मंडळीसमोर अडकवतेय? तो रागावला तर मान कुणाची आहे? आपली नाही. त्यांनी पदराआडच्या पर्सवर हात दाबला, जणू आतला कागद ओरडेल.

घरी नवरा, घड्याळं दुरुस्त करणारे म्हणून सगळ्यांचे घड्याळजी, खिडकीजवळच्या टेबलावर वाकले होते. एवढ्या उकाड्यातही सदऱ्याचं गळ्याचं बटण लावलेलं. तुकडा काढल्यापासून त्यांनी ते बाहेरच्यांपुढं कधी उघडलं नव्हतं; गिऱ्हाइकानं पट्टी पाहिली की घड्याळाऐवजी मानेचंच बोलत बसतो, म्हणायचे. चिमट्यातला बारकासा स्क्रू पुन्हा पुन्हा निसटत होता. बाई दारातच उभ्या राहिल्या. तो हात त्यांनी कधी चुकताना पाहिला नव्हता.

"आलात लेखिकाबाई? काय म्हणतंय इंग्रजी?"

"अहो, मी एक गाढवपणा केलाय."

त्यांनी सगळं सांगितलं. लॅबच्या मुलीचा आवाज तेवढा गाळला. घड्याळजींनी चिमटा खाली ठेवला.

"म्हणजे मला तू बरं करूनसुद्धा टाकलंस?"

"हो."

"इंग्रजीत."

"हो हो, इंग्रजीत."

"मग मराठीत सोमवारपर्यंत आजारी राहायला हरकत नाही ना?"

बाईंना हसू आलं आणि त्याच्याच मागोमाग रडू. ते उठले नाहीत. शेजारची खुर्ची पायानं थोडी सरकवली, एवढंच. बाई बसल्या.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"त्या स्क्रूला विचार," ते म्हणाले. "सकाळपासून एक बसलेला नाही."

"उद्या मी नाही वाचत. डोकं दुखतंय म्हणून सांगते."

"म्हणजे आणखी एक खोटं. तेही देवाच्याच घरी." त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. "वाच. किती वाचायचं ते तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चचे बाक भरले होते. समोर तिवईवर फोन उभा केलेला. त्याच्या काचेत कुठली कुठली नातवंडं जांभया देत होती. घड्याळजी दुसऱ्या बाकावर, गळ्यापर्यंत बटण लावून. टायपिस्टबाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी कागद वाचायच्या उभ्या मेजावर टेकवला.

त्या वाचत गेल्या. गाठ हाताला लागली ती सकाळ. डॉक्टरांच्या खोलीतला पंखा. बाटलीवरचं नाव. मॅडम तिसऱ्या बाकावरून ओठ हलवत होत्या. इंग्रजी पाण्यासारखं चाललं होतं, आणि पुढचा परिच्छेद समोर येत होता, त्यांचा सगळ्यात चांगला परिच्छेद, उलटा धरलेल्या रिपोर्टचा.

बाईंनी त्याच्यावर तळहात ठेवला.

आमेनकाका श्वास ओढून तयार होते. पाळकीणबाईंना वाटलं बाई गहिवरल्या. त्यांनी रुमाल काढला. बाईंच्या तोंडून मात्र जे आलं ते कागदावर नव्हतं. कुणी टाइप करायला दिलेलं नव्हतं, मॅडमनी तपासलेलं नव्हतं. त्यांच्या जन्मातली सगळ्यात छोटी इंग्रजी वाक्यं.

रिपोर्ट उद्या येणार आहे. आम्ही भ्यालो आहोत.

मग त्या मराठीत म्हणाल्या, "काल मी वर्गात सांगितलं ते अजून झालेलं नाही. मला ते व्हायला हवंय, म्हणून सांगितलं."

मॅडमनी मान खाली घातली. पाळकीणबाईंचा रुमाल हातातच राहिला. आमेनकाकांचं तोंड उघडं होतं. त्यांनी ते हळूच मिटलं. फोनमधलं एक पोर कुणाला तरी विचारत होतं, "संपलं?"

दुसऱ्या बाकावर घड्याळजींचा हात गळ्याशी गेला. बोटं थोडी चाचपडली. मग त्यांनी बटण काढलं, सदऱ्याची कॉलर बाजूला केली, आणि मानेवरची पांढरी पट्टी तशीच सगळ्यांना दिसू दिली.