तिसऱ्या प्रकरणातली एकादशी

चपला ठेवायला चित्राताई वाकल्या, तेव्हा मागून कोणीतरी अगदी मऊ आवाजात म्हणालं, "चित्राताईच ना? पुस्तकाच्या मागं फोटो हाय तुमचा."

पांढरा सदरा, टोपी, कपाळाला गंध. साठीचा माणूस, हात जोडलेले. कल्याणच्या बाजारामागच्या या विठ्ठलमंदिरात एकादशीच्या कीर्तनाला अशी कितीतरी माणसं येतात. चित्राताई हसल्या. वाचक भेटला की त्यांना आनंद व्हायचाच.

"मी सहदेव. गाव जुन्नरकडलं. तुमची नवी कादंबरी दोनदा वाचली बघा."

"अहो, दोनदा?"

"त्यातली पोरगी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून सप्त्याला जाती. तिथंच झोपती, पण मुठीतला टाळ सोडत न्हाई." तो थांबला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

चित्राताईंच्या हातातली पिशवी एकदम जड झाली. हा शिवानीचा, कादंबरीतल्या त्या खऱ्या पोरीचा, बाप होता.

"सुचलं," त्या म्हणाल्या. "लेखकाला सुचतं हो असं."

"चांगलं सुचलं. बाप मात्र लई रागीट लिवलाय. मी न्हाई तसा." त्याने पुन्हा हात जोडले. "पोरगी दर एकादशीला कीर्तनाला येती, बायकांच्या मागच्या खांबापाशी उभी ऱ्हाती, असंही लिवलंय तुम्ही तिसऱ्या प्रकरणात. म्हटलं, बघून यावं देऊळ."

तो आत गेला. पायऱ्यांशी दोन तरुण उभे होते. त्यांनी आधी त्याच्याकडे, मग चित्राताईंकडे पाहिलं.

चित्राताई वीस वर्षं प्रेमकथा लिहीत होत्या. डोंबिवलीतल्या वाचनालयांत त्यांची पुस्तकं पानं सुटेपर्यंत फिरायची. पहिल्या दोन-तीन कादंबऱ्यांत त्यांनीही गोरी नायिका आणि इनामदार नायक लिहिले. मग एकदा वाचनालयात एक सावळी मुलगी म्हणाली, "मावशी, यात आमच्यासारखं कोणीच नसतं हो." तेव्हापासून त्यांची नायिका काळी झाली, पोलिओच्या पायाला कॅलिपर लावून चालू लागली, बावन्नाव्या वर्षी पुन्हा प्रेमात पडली. नायकाचं आडनाव कांबळे झालं. एका कादंबरीत तर एकमेकांच्या प्रेमात पडणारे दोघेही नायकच होते. प्रकाशक वैतागला. "चित्राताई, वाचकाला स्वप्न हवं असतं, जनगणना नको!" त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "काळ्या पोरीला स्वप्नं पडत नाहीत का हो?" शेवट मात्र त्या गोडच करायच्या. देव कुणाला उपाशी परत पाठवत नाही, तर आपण कोण, असं त्या मानायच्या.

शिवानी त्यांना याच देवळात भेटली. जातीबाहेर लग्न करून घर सोडलेली, संदेशबरोबर शहाडला भाड्याच्या खोलीत लपून राहणारी. तीच म्हणाली, "मावशी, आमच्यावर लिहा ना. आमच्यावर कोण लिहितं?" चित्राताईंनी नावं बदलली, गावं बदलली, संदेशची नोकरी बदलली. कीर्तन आणि हे देऊळ मात्र बदललं नाही. तेवढं इतकं सुंदर होतं की त्यांचा हात धजला नाही.

मंडपात बसल्या बसल्या त्यांनी पदराआड फोन काढला. 'येऊ नकोस. बाबा आलेत.' एकच टिक आली. देवळात शिरायच्या आधी शिवानी फोन बंद करून ठेवते, हे त्यांना आठवलं.

म्हणजे ती आलीच होती. मुख्य दाराने ती कधीच यायची नाही. मागच्या मुदपाकखान्यातून यायची, बायकांबरोबर उपासाची खिचडी करायची आणि कीर्तन रंगलं की पदर डोक्यावर ओढून खांबाशी उभी राहायची. मुदपाकखान्याचं दार तेवढं चित्राताईंनी पुस्तकात लिहिलं नव्हतं. नशीब.

उठून तिला सांगून यावं, म्हणून त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि समोर पाहिलं. सहदेव पुरुषांच्या पहिल्या रांगेत बसला होता, पण बुवांकडे पाठ करून. दाराकडेही त्याचं लक्ष नव्हतं. तो चित्राताईंकडे बघत होता.

त्यांच्या लक्षात आलं. मी जिकडे बघेन, तिकडे हा बघणार.

त्या खाली बसल्या. बुवांनी अभंग धरला, मृदंगावर थाप पडली. ज्या आवाजासाठी त्या जेवण सोडून यायच्या, तो आवाज आज कानावरून नुसता वाहत गेला. मागे कुठेतरी काचेच्या बांगड्या वाजल्या. वळायचं नाही. समईच्या वातीवर नजर ठेवायची. शेजारच्या केशरबाई कुजबुजल्या, "काय गं, आज टाळी का नाही वाजवत? भांडून आलीस का सुनेशी?"

"नाही हो. बरं वाटत नाहीये."

"मग जा ना आत, पाणी पी. तुझी ती पोरगी आहे की खिचडीपाशी, ती देईल."

"केशरबाई, हळू!" चित्राताईंनी त्यांचा हात इतका दाबला की म्हातारी चिडून गप्प झाली.

गजर सुरू झाला. सगळे उठले. विठ्ठल विठ्ठल करत दोनशे माणसं डोलू लागली. चित्राताईही उठल्या, हात वर केले आणि मनात एवढंच म्हणत राहिल्या, पांडुरंगा, मला वळू देऊ नकोस. पोरगी इथे मागेच असणार, डोळे मिटून, बापाच्या वीस पावलांवर.

आरती झाली. आता सगळे एकमेकांच्या पाया पडणार होते. लहान, मोठं, बाई, बुवा, कुणी बघत नाही. आपल्या पाया पडलेल्याच्या पाया पडल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. गर्दी मिसळली आणि सहदेव बायकांच्या बाजूला निघाला. सरळ, खांबाकडे. तिथली पदर ओढलेली बाई त्याने पाहिली होती.

चित्राताई त्याच्या वाटेत गेल्या आणि खाली कोसळल्यासारख्या त्याच्या पायांवर पडल्या. दोन्ही घोटे हातांनी घट्ट धरले.

"माउली!"

"ताई, सोडा."

"माउली, आशीर्वाद द्या!"

"अवो, सोडा म्हंतो ना!" पण देवळात पाया पडलेल्या बाईला ढकलणार कसं? तो वारकरी होता. त्याला वाकावंच लागलं. त्याचं कपाळ त्यांच्या पाठीला टेकलं. एवढ्या भक्तिभावाने पाया पडतायत म्हणजे कुणी मोठा अधिकारी पुरुष आहे, असं समजून आजूबाजूच्या बायाही त्याच्या पायांवर वाकू लागल्या. केशरबाई तर पुरत्या आडव्या झाल्या. त्या गलक्यात मुदपाकखान्याचं लोखंडी दार करकरलं आणि बंद झालं.

तेव्हा कुठे चित्राताईंनी हात सोडले.

सहदेवचे डोळे भरले होते. "मला नुसतं बघायचं होतं वो तिला," तो म्हणाला. "एवढंच."

क्षणभर त्यांचा जीव कळवळला. हाक मारावी का पोरीला? हाच तर त्यांना लिहायला आवडणारा शेवट होता. इतक्यात पायऱ्यांवरचे दोघे आत आले.

"काका, दिसली का? गाडी मागच्या गल्लीत घेऊ?"

सहदेवने मान खाली घातली. तो नाहीही म्हणाला नाही आणि होही म्हणाला नाही. टोपी नीट करून तो चालायला लागला. दोघे त्याच्या मागून गेले, आणि त्यांतल्या एकाने वळून चित्राताईंना वाकून नमस्कार केला. हसत.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शिवानीचा फोन लागला नाही. चित्राताईंनी देवासमोरचा दिवा दोनदा लावला, दोनदा तेल सांडलं. दहाच्या सुमारास फोन वाजला.

"मावशी, मी ठीक आहे. बाबांना बघितलं मी. आम्ही शहाड सोडलं."

"देवा! कुठे गेलात? मी येते, सामान पाठवते, पैसे…"

पलीकडे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"रागावू नका हं मावशी," शिवानी म्हणाली. "तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही लिहाल."